पाण्याच्या मागे दोन दिवस

दिवाळी सरत आली की पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. मुलांच्या सुट्ट्या थोड्या शिल्लक असतात, थंडी पडायला लागलेली असते आणि एकदा विदर्भातलं जंगल बघायचं हे दर वर्षी ठरलेलं असतं. भंडाऱ्याला या, असं मी म्हणतो. पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘‘वाघ नक्की दिसेल ना?’’

विचारणाऱ्याचा दोष नाही. इतकी वर्षं जंगलाच्या नावाने वाघच दाखवला गेला आहे. पण त्या एका प्रश्नावर बेत आखला की शनिवार-रविवारची सहल कशी विस्कटते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. म्हणून आता मी फोनवरच सांगतो, आधी नकाशा उघडा. साकोलीच्या उत्तरेला बोट ठेवा आणि जी नावं दिसतील ती मोठ्याने वाचा. पिटेझरी. उमरझरी. मंगेझरी. पोंगेझरा. नागझिरा.

झरी म्हणजे झरा, आणि झिरा म्हणजेही डोंगराच्या पोटातून झिरपून येणारं पाणीच. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्या आसपास वाघ होते, अस्वलं होती, रानगवे होते. तरी जागेची ओळख सांगताना त्यांनी पाणी सांगितलं. नागझिऱ्याचा झरा उन्हाळ्यातही आटत नाही आणि जंगलात नागाचं छोटं देऊळ आहे. नाव तिथून आलं. या जिल्ह्यात दोन दिवस घालवायचे तर त्या जुन्या माणसांच्या खुणेनेच जावं, असं माझं ठाम मत आहे. पाणी जिथे आहे तिथे जायचं, तिथे थांबायचं. बाकीचं आपोआप समोर येतं.

यायला अवघड काही नाही. नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर, तिथून त्याच महामार्गाने साकोली आणखी चाळीसेक. रेल्वेने येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, ‘भंडारा रोड’ हे स्थानक भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तिथून शहरात यायला वाहन बघावं लागतं. शुक्रवारी रात्री भंडारा गाठायचं, शनिवारी पहाटे कोका, रविवारी दुपारी नागझिरा, आणि या दोन्हींच्या मधला वेळ मोकळा ठेवायचा. लोक नेमका तो मोकळा वेळ भरून टाकतात. नवेगाव, पवनी, अंभोरा, गोसीखुर्द, आंबागड, गायमुख असं सगळं दोन दिवसांत कोंबतात आणि परतताना त्यांच्या आठवणीत महामार्गावरचे ढाबे तेवढे उरतात.

कोक्याचं अभयारण्य भंडारा शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. २०१३मध्ये ते जाहीर झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात आलं. नवेगावचं राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका अशा पाच तुकड्यांचा हा प्रकल्प. गाभा क्षेत्र साडेसहाशे चौरस किलोमीटरच्या थोडं वर. त्यातला कोका लहान, शंभर चौरस किलोमीटरच्या आतला. म्हणूनच सुरुवातीला तो बरा. गर्दी कमी असते, गाडीवानाला घाई नसते.

बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावरून आधी करून ठेवावं, ओळखपत्र बरोबर घ्यावं, आणि आठवड्यात एक दिवस जंगल बंद असतं तो कोणता हे पाहूनच रजा टाकावी. एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत चालक आणि गाइड. दिवाळीनंतरच्या पहाटे उघड्या जिप्सीत किती थंडी लागते याचा अंदाज पुणेकरांना येत नाही. कानटोपी आणि घोंगडी घ्या, मग तासभर तरी डोळे उघडे राहतील.

मागच्या खेपेला आमचा गाइड जवळच्याच गावचा होता, तिशीतला. आत शिरल्यावर अर्ध्या तासाने आमच्यातल्या एकाने ठरलेला प्रश्न विचारला. तो मागे वळून म्हणाला, ‘‘काहून जी, वाघच पाहाचा हाये का?’’ आवाजात चिडचिड नव्हती, चौकशी होती. मग त्याने गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेचं एक झाड दाखवलं.

ते ऐनाचं झाड होतं. भंडाऱ्याच्या जंगलात सागाइतकंच जिकडेतिकडे दिसतं, पण आपण बघत नाही. ऐनाची साल काळपट राखाडी आणि चौकोनी खवल्यांनी भरलेली, मगरीच्या पाठीसारखी. कित्येक ऐन उन्हाळ्यात खोडात पाणी साठवून ठेवतात. खोडावर कुठे फुगवटा दिसला तर तिथे पाणी असतं, हे इथल्या गुराख्यांना ठाऊक असतं. गाइडने तो फुगवटा बोटाने दाखवला, हात मात्र लावला नाही. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. याच ऐनाच्या पानांवर कोशाच्या अळ्या वाढतात. गावाकडच्या जंगलात ढिवर समाजाची माणसं त्या अळ्या ऐनावर आणि अर्जुनावर सोडतात, पाखरांपासून दिवसभर राखतात आणि कोश उतरवतात. मोहाडीकडे आंधळगावला त्याच धाग्याचं कोसा कापड विणलं जातं. नागपूर-भंडाऱ्याच्या लग्नांत करवतकाठी साडी नेसली जाते, तिच्या पोताची सुरुवात या झाडापासून होते. आमच्याबरोबरच्या वहिनींनी उतरून सालीवरून तळहात फिरवायची परवानगी मागितली. उतरता येत नाही, नियम आहे. चालकाने गाडी झाडाला अगदी खेटून उभी केली आणि त्यांनी बसल्या बसल्या हात लावला.

पुढे दोन झाडांच्या मध्ये, डोक्याच्या उंचीवर, एक मोठं जाळं होतं. पावसाळा संपता संपता या जंगलात राक्षसकोळ्याची जाळी सगळीकडे दिसतात. पिवळसर धागे, त्यांवर दव, आणि मधोमध तळहाताएवढी मादी. धागा इतका चिवट की हवेने अख्खं जाळं हलत होतं आणि एकही तार तुटत नव्हती. मादीच्या जवळच नखाएवढा नर होता. मुलं दहा मिनिटं गप्प होती. इतका वेळ ती कशापुढेच गप्प राहिली नव्हती.

त्या सकाळी वाघ दिसला नाही. दिसेल असं मी सांगितलंही नव्हतं, त्याचं कारणही पाणीच. नोव्हेंबरात नाले वाहत असतात, डबकी भरलेली असतात, गवत माणसाच्या कमरेला लागतं. जनावराला प्यायला कुठेही जाता येतं, आणि ते गवतात दहा हातांवर बसलं असलं तरी आपल्याला कळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ओढे आटतात, मोजके पाणवठे उरतात आणि सगळं जंगल तिथे येतं. ज्याला जनावरंच बघायची आहेत त्याने पंचेचाळीस अंशांची तयारी ठेवून मे महिन्यात यावं. ज्याला झाडी बघायची आहे त्याने नोव्हेंबरात यावं. या दोन वेगवेगळ्या सहली आहेत. नोव्हेंबरच्या जंगलात मे महिन्यातला वाघ मागितला की चालकावर दडपण येतं आणि त्यातूनच पुढचे प्रकार घडतात.

असा एक प्रकार अजून ताजा आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे अभयारण्य नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. पवनीकडचा भाग आपला, गोठणगावचं फाटक पलीकडचं. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगावकडे एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले, आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी त्यांची वाट अडवली. चित्रफीत सगळीकडे फिरली. चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई योग्यच होती. पण त्या गाड्यांत बसलेली माणसं कोण होती? आपणच होतो. वर्षाचा शेवटचा दिवस, भरलेले पैसे, हातात फोन, आणि ‘आणखी थोडं पुढे घ्या ना’ हे वाक्य. रोजंदारीवर जगणाऱ्या चालकाला हे वाक्य पाच वेळा ऐकवलं की तो गाडी पुढे घेतो. निलंबन त्याच्या वाट्याला येतं आणि फोटो आपल्याकडे राहतो. मला ही गोष्ट फार लागते, म्हणून फोनवर मी ती प्रत्येकाला सांगतो.

याच कऱ्हांडल्यात जय नावाचा वाघ होता. जन्म नागझिऱ्याचा. २०१३मध्ये तो चालत निघाला आणि शंभराहून अधिक किलोमीटर पार करून कऱ्हांडल्यात पोचला. नकाशावर दोन्ही जागा बघा. मध्ये राष्ट्रीय महामार्ग आहे, वैनगंगा आहे, धानाची शेतं आहेत, गावं आहेत. हे सगळं त्याने रात्री ओलांडलं असणार, आणि वाटेत त्याला पाणी आणि आडोसा देणारी झुडपी जंगलं आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, मिळाल्या म्हणूनच ओलांडता आलं. एप्रिल २०१६नंतर तो पुन्हा दिसला नाही. तिकडे नागझिऱ्यात वाघ वाढावेत म्हणून २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी रेडिओ कॉलर लावून सोडल्या गेल्या. वाघ या गावांच्या मधूनच ये-जा करतात. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या माणसांच्या जिवावर ते कधी कधी बेततं. ज्या गावाने हे सोसायचं त्या गावात आपल्या सहलीचे चार पैसे राहिले पाहिजेत, हा हिशोब मला साधा वाटतो.

म्हणून राहण्याचा प्रश्न. फाटकाजवळच्या गावांत घरगुती निवासाच्या सोयी आहेत. खोली साधी, जेवण घरचं. एकदा नातेवाईकांच्या आग्रहाने आम्ही जंगलाच्या कडेच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये उतरलो. रात्री अकरापर्यंत पोहण्याच्या तलावाशेजारी गाणी वाजत होती, जेवणात पनीर होतं, आणि भंडाऱ्याचा एक पदार्थ ताटात नव्हता. दुसऱ्या खेपेला गावातल्या एका घरी राहिलो. मावशींनी चिन्नोरचा भात केला होता. भौगोलिक मानांकन मिळालेला हा तांदूळ शिजत असताना वास बाहेरच्या अंगणापर्यंत येतो. सोबत तळ्यातल्या झिंग्यांचा लाल रस्सा. ताट वाढताना त्या म्हणाल्या, ‘‘पोटभर जेवा जी, सकारी उठाचा हाये.’’ पैसे देताना त्यांनी दोनदा मोजले आणि दहा रुपये परत केले.

शनिवारची दुपार मी तलावांसाठी ठेवतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात असतं, पण तलाव कोणी बांधले हे बहुतेकांना माहीत नसतं. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी इथला उतार वाचला. कुठे पाळ घातली की पाणी अडेल आणि कुठून सोडलं की खालच्या बांध्यांना पुरेल, हे कुठल्याही यंत्राशिवाय त्यांनी ठरवलं. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. पाळीतून पाणी सोडायच्या दाराला तुडूम म्हणतात. पुढे महसूल वसुलीची मालगुजारी पद्धत आली आणि हे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९९मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा बरेच तलाव तिकडे गेले, तरी भंडाऱ्याकडे कमी नाहीत.

एखाद्या पाळीवर दुपारी चारला जाऊन बसा. नाव सांगत नाही, साकोली-लाखनीच्या रस्त्याने कुठेही आत वळलात तरी मिळेल. खाली धान कापून बांध्यांत कडपा पसरलेल्या असतात, कुठे पुंजणे रचलेले असतात. पाण्यावर अडई बदकं शीळ घालत उठतात, उत्तरेकडून आलेली थापट्या आणि तलवार बदकं दूरवर तरंगत असतात. पाळीच्या बाजूला ढिवर बांधव डोंग्यातून शिंगाडे काढत असतात. ओले शिंगाडे विकत घ्या, तिथेच सोलून खा. दुधासारखी गोड चव असते. नशीब असेल तर धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसेल. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा हा पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ फक्त गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात उरला आहे. तो शेतात घरटं करतो, म्हणजे शेतकऱ्याने राखलं तरच राहतो. दिसला तर बांधावरून पुढे जाऊ नका.

रात्र मंडईची. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. शेजारच्या दोन गावांची तारीख एक येऊ नये म्हणून दिवस वाटून घेतलेले असतात. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, गोवारी बांधव मोरपिसांनी सजवलेली ढाल नाचवत आणतात. दिवसा दंडार हे लोकनाट्य, त्यात पुरुषच बायांची कामं करतात. रात्री नाटक. तंबू, जमिनीवर सतरंज्या, हजारभर माणसं आणि मध्यरात्र उलटली तरी एकही जण उठत नाही. शहरात नाटकाला प्रेक्षक नाहीत म्हणून आपण लेख लिहितो. इथे माणसं दिवसभर धान कापून रात्री तिकीट काढून नाटकाला येतात. २०२३मध्ये इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीची बातमी मुंबईत पोचली, पण ती त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःच्या पायांवर उभी आहे. सकाळी निघताना ज्या गावात राहिलात तिथेच विचारा, ‘आज मंडई कुठे?’ उत्तर कुणाकडेही असतं.

रविवारी सकाळी झोपा. खरंच झोपा. हाताशी तिसरा दिवस असेल तर पवनी बघा. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०मध्ये उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. तिथल्या एका शिल्पावर पाच फण्यांचा नाग आहे आणि त्याचं नाव कोरलेलं आहे, मुचरिंद. बुद्धावर पाऊस कोसळत असताना फणा धरणारा तो नाग. वैनगंगेच्या काठी कोरलेला तो नाग आणि जंगलातल्या झऱ्यावरचा नाग यांचा संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि मी जोडतही नाही. पण पवनीहून परतताना दोन्ही डोळ्यांपुढे येतात एवढं खरं.

रविवारी दुपारी पिटेझरीच्या फाटकातून नागझिरा. १९७० सालचं हे अभयारण्य, १५२ चौरस किलोमीटरचं. मराठी वाचकाला या जंगलाची वाट पुस्तकांनी दाखवली. व्यंकटेश माडगूळकर इथे येऊन राहिले आणि ‘नागझिरा’ लिहिलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून या भागात वर्षानुवर्षं हिंडले. जून २०२५मध्ये सोलापुरात ते गेले. किरण पुरंदरे चारशे दिवस या जंगलात राहिले आणि ‘सखा नागझिरा’ घेऊन बाहेर आले. या तिघांनी वाघापेक्षा इतर गोष्टींना जास्त पानं दिली, हे पुस्तकं पुन्हा चाळाल तर लक्षात येईल. निघण्याआधी यातलं एक तरी वाचून या, मुलांना रात्री वाचून दाखवा. गाइड बोट दाखवेल तेव्हा झाडाचं नाव त्यांना ओळखीचं वाटेल.

उन्हं कलली की नागझिऱ्याच्या तलावावर हवा एकदम गार होते. आमच्या समोर रानकुत्र्यांची टोळी पाण्यावर आली होती, अकरा होती. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी. दोन पाण्यात शिरून बसली, बाकीची काठावर कान टवकारून उभी. कुत्र्यासारखं भुंकणं नाही, बारीक शीळ घातल्यासारखा आवाज एकमेकांना देत होती. पलीकडच्या काठावरच्या चितळांनी माना वर केल्या आणि तशाच ठेवल्या. गाइड काही बोलला नाही. चालकाने गाडी बंद केली होती आणि आमच्यापैकी कुणीही त्याला पुढे घ्यायला सांगितलं नाही. टोळी उठून सागाच्या पानांवरून चालत निघून गेली. पानांचा आवाज बराच वेळ येत राहिला. चितळांनी माना खाली घातल्या तेव्हा घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं झाली होती.

तुम्ही जाल तेव्हा एवढंच करा. पाणवठा आला की चालकाला गाडी बंद करायला सांगा, आणि किमान पंधरा मिनिटं ती बंदच राहू द्या. फाटकं १ ऑक्टोबरला उघडतात, ३० जूनपर्यंत उघडी असतात. मंडया मात्र गावागावाने संपत जातात, तेव्हा त्या बघायच्या असतील तर दिवाळी सरली की लगेच निघा.